निवृत्तीनंतरचा धंदा : उमेद कशी टिकवावी?

३१ मे ही तारीख आपल्या महाराष्ट्रात निवृत्तीची तारीख म्हणून ओळखली जाते. पूर्वी मुलाचे नाव शाळेत घालताना वडिलांना जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून लिहून टाकत. ती मुले पुढे शिक्षक झाली, कारकून झाली, एस. टी. आणि नगरपालिकेत लागली. आता वय भरले की ती एकाच दिवशी घरी येतात. सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते, भाषणे होतात. आणि जून-जुलै महिन्यात त्यांतील कोणी ना कोणी आमच्या कापड पेठेत येऊन माझ्या गादीवर बसतो व म्हणतो, "भाईजान, घरी बसवत नाही. थोडे पैसे हाती आले आहेत. काहीतरी धंदा सुरू करावा म्हणतो."

अशा बंधूंना कोणता माल घ्यावा, कोठून घ्यावा, भाव काय, हे सांगणे सोपे आहे. पेठेतला कोणीही ते सांगेल. पण अनेक वर्षांचा अनुभव असा की निवृत्त माणसाचे दुकान बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा भांडवल संपलेले नसते. कपाटात माल असतो, बँकेत थोडी शिल्लकही असते. संपलेली असते ती उमेद. सकाळी शटर उचलायला हात जात नाही. एक दिवस दुकान उशिरा उघडते, एक दिवस उघडतच नाही, आणि वर्षाच्या आत "जागा भाड्याने देणे आहे" अशी पाटी लागते. ही उमेद का जाते आणि ती कशी टिकवता येते, ह्याबद्दल आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मास्टरसाहेबांचे दुकान

आधी एक पाहिलेली हकीगत सांगतो. मला उर्दू शाळेत गणित शिकवणारे एक मास्टरसाहेब २०१२ सालच्या ३१ मे रोजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्या वर्षी जुलैअखेर रमजान सुरू होणार होता आणि ऑगस्टमध्ये ईद होती. त्यांनी जुलैच्या सुरुवातीलाच एक गाळा भाड्याने घेतला आणि ड्रेस मटेरियल, दुपट्टे, कुर्त्याचे कापड भरले. माल त्यांनी माझ्या सल्ल्यानेच उचलला होता. पहिले दोन महिने दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जुने विद्यार्थी, नातेवाईक, मोहल्ल्यातले लोक, सगळे आले. मास्टरसाहेबांना वाटले, धंदा म्हणजे हेच.

ईद झाली. दिवाळीला थोडी हालचाल झाली. नंतर पेठ थंड पडली. नातेवाइकांची खरेदी झालेली होती. जे उधार घेऊन गेले ते समोरच्या फुटपाथने जाऊ लागले. जानेवारीत, म्हणजे दुकानाच्या सातव्या महिन्यात, मास्टरसाहेब माझ्याकडे येऊन बसले. चहा आला तरी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "बेटा, दुकान चालत नाही असे नाही. माझेच पाय चालत नाहीत. सकाळी उठून कोणासाठी जायचे ते समजत नाही." फेब्रुवारीत त्यांनी गाळा सोडला.

ज्या माणसाने अडतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही उशिरा हजेरी लावली नव्हती, त्याला सात महिन्यांत दुकान उघडणे जड जावे, हे मला त्या वेळी समजले नाही. मी त्यांना हिंमत धरा, सबुरी ठेवा, असे सांगत राहिलो. त्याचा उपयोग झाला नाही. मास्टरसाहेबांच्या स्वभावात कमी काही नव्हती. नोकरीत त्यांना जे आधार होते ते दुकानात नव्हते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

नोकरी आपल्याला काय देते?

नोकरी पगार देते हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती आणखी काही देते. तीन गोष्टी मोजा.

पहिली गोष्ट वेळ. शाळेची घंटा, गिरणीचा भोंगा, डेपोची हजेरी. आपल्याला उत्साह आहे की नाही हे घंटा विचारत नाही. ती वाजली की माणूस निघतो आणि कामाला लागला की उत्साह मागून येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली वाट पाहणारा माणूस. वर्गात मुले बसलेली असतात, साहेब फाईल मागतो, पाळी बदलणारा कामगार यंत्रापाशी उभा असतो. आपण गेलो नाही तर कोणाचे तरी अडते.

तिसरी गोष्ट पहिली तारीख. महिना चांगला जावो की वाईट, ठरलेला पैसा घरात येतो आणि घरातील माणसांना आपले काम दिसते.

निवृत्तीच्या दिवशी ह्या तिन्ही गोष्टी एकदम जातात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचे असेच झाले. भोंगा थांबला आणि पुष्कळांसाठी तो पुन्हा वाजलाच नाही. पैशाची तंगी तर होतीच. पण सकाळी डबा घेऊन कोठे जायचे, हा प्रश्नही तितकाच मोठा होता. निवृत्त माणसाला संप करावा लागत नाही, पण त्याचा भोंगा असाच बंद होतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की उमेद ही आतून आपोआप येण्याची वाट पाहू नये. नोकरीत जे तीन आधार दुसऱ्याने बांधून दिले होते, ते धंद्यात आपण स्वतः बांधावे लागतात. वेळ, वाट पाहणारा माणूस आणि पगार. हे तीन बांधले तर मन आपोआप मागे येते. ते नसतील तर कितीही उपदेश ऐकला तरी सातव्या महिन्यात पाय जड होतात.

आधी पैशाला कुंपण

हे आधार बांधण्यापूर्वी एक काम करावे लागते. भीती माणसाची उमेद जितक्या लवकर खाते तितके दुसरे काही खात नाही. आयुष्यभराची कमाई दुकानात ओतलेली असली की एक दिवस गल्ला रिकामा गेला तरी रात्री झोप येत नाही.

उदाहरण घ्या. ग्रॅच्युइटीचा सर्वसाधारण हिशेब असा असतो : शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता ह्यांना २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. शेवटचा पगार २६,००० आणि नोकरी ३० वर्षे असेल, तर १५,००० गुणिले ३०, म्हणजे ४,५०,००० रुपये. एवढी रक्कम एकदम हातात आली की माणसाला आपण शेठ झालो असे वाटते. पण हे तीस वर्षांचे पैसे आहेत आणि ते पुन्हा मिळणार नाहीत.

ह्याचे तीन भाग करावेत. एक भाग घराचा, म्हणजे पेन्शन किंवा मुलाची कमाई कमी पडली तर वर्षभर चूल चालावी म्हणून. खाजगी नोकरीतल्या बांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण भविष्य निर्वाह निधीची पेन्शन फार थोडी असते; २०१४ साली तिची किमान रक्कम महिना १,००० रुपये ठरवण्यात आली, ह्यावरून कल्पना यावी. दुसरा भाग आजारपणाचा. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न घालता वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळू लागले. ते कार्ड जरूर काढावे. पण निवृत्ती साधारण ५८ किंवा ६० व्या वर्षी येते. मधली दहा-बारा वर्षे आपलीच आहेत, म्हणून हा भाग हवाच. उरला तिसरा भाग, म्हणजे १,५०,००० रुपये. धंदा तेवढ्यातच करायचा. त्यातलाही १,००,००० चा माल घ्यावा आणि ५०,००० रोख ठेवावेत.

हे तीन भाग वहीत लिहून बेगमला व मोठ्या मुलाला दाखवावेत. पहिल्या दोन भागांना हात लावायचा नाही, हे सर्वांसमोर ठरले की मंदीच्या महिन्यातही घरात धाक राहत नाही. धाक नसला की डोके चालते.

आकडा भिंतीवर लावा

आता हिशेबाकडे येऊ. समजा गाळ्याचे भाडे ६,०००, वीज १,०००, मदतीला अर्धा दिवस पोरगा ठेवला तर त्याचे ५,०००, असा महिन्याचा खर्च १२,००० रुपये. विक्रीवर शेकडा २० नफा सुटतो असे धरा. मग नुसता खर्च निघण्यासाठी महिन्याला ६०,००० रुपयांची विक्री हवी. आमच्याकडे मालेगावात शुक्रवार सुट्टीचा. तर २६ दिवसांनी भागले म्हणजे रोज सुमारे २,३०० रुपये.

ह्यात आपला पगार धरलेला नाही. बहुतेक निवृत्त बंधू येथेच चुकतात. ते म्हणतात, मला पेन्शन आहे, मला पगार कशाला? पण जे काम पगार देत नाही ते थोड्याच दिवसांत माणसाला रिकामे काम वाटू लागते आणि घरच्यांनाही तसेच वाटते. म्हणून आपल्या नावावर ८,००० तरी धरावेत. मग खर्च २०,००० झाला, विक्री १,००,००० हवी, म्हणजे रोज सुमारे ३,८५० रुपये.

एवढ्या विक्रीसाठी दर महिन्याला ८०,००० चा माल विकला गेला पाहिजे, आणि आपल्याजवळ माल आहे १,००,००० चा. म्हणजे जवळजवळ सगळे दुकान महिन्यातून एकदा रिकामे झाले पाहिजे. कापडाच्या धंद्यात हे फार कठीण आहे. रंग राहतो, डिझाइन जुने होते, शेवटचा तुकडा पडून राहतो. हा हिशेब आधी केला असता तर मास्टरसाहेबांनी गाळा घेतला नसता आणि मीही त्यांना घेऊ दिला नसता. उमेद नव्हती म्हणून दुकान बसले असे आम्ही दोघे समजत होतो, आणि मुळात आकडाच न जमणारा होता.

तोच धंदा घरातून किंवा एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या अर्ध्या भागात केला तर? वीज ५००, भाडे-वाहतूक १,५०० आणि आपले ८,०००, मिळून १०,०००. विक्री ५०,००० पुरते. हा आकडा गाठता येण्यासारखा आहे. गाठता येणारा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा. रोज रात्री रोजमेळात विक्री लिहून त्याच्याशी ताडून पाहावी. मन कसे आहे हे विचारू नये, आकडा कोठे आला ते पाहावे. तीन महिने आकडा चढत असेल तर मन उदास असले तरी धंदा ठीक आहे. आकडा उतरत असेल तर मन खूश असले तरी काही चुकते आहे.

मंदी म्हणजे अपयश नव्हे

नोकरदाराचे बारा महिने सारखे असतात. व्यापाऱ्याचे नसतात. आमच्या कापडात रमजान-ईद, दिवाळी, लगीनसराई आणि जूनमधील शाळा, हे चार हंगाम. बाकीचे महिने जेमतेम. जुना व्यापारी मंदीत शांतपणे उधारी वसूल करतो, माल लावतो, खाते मिळवतो. नवीन माणसाला मात्र पहिल्या मंदीत वाटते की आपलेच नशीब फुटके.

म्हणून वर्षाचा तक्ता आधी करावा. त्यातही एक बारकावा आहे. ईद दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस आधी येते. २०१६ साली ईद जुलैमध्ये, पावसात होती. २०२४ साली ती ११ एप्रिलला आली, २०२५ साली ३१ मार्चला. म्हणजे जो रमजानचा हंगाम पूर्वी पावसाळ्यात येऊन मंदी भरून काढीत असे, तो उन्हाळ्याच्या लगीनसराईला येऊन मिळाला आणि आता तिच्याही पुढे सरकतो आहे. पावसाळा त्यामुळे अधिकच कोरडा गेला. हे ज्याने आधी लिहून ठेवले तो जुलैमध्ये घाबरत नाही. त्याने मार्चमध्येच जुलैचे भाडे बाजूला ठेवलेले असते.

वाट पाहणारे गिऱ्हाईक

आता मास्टरसाहेबांची उरलेली हकीगत. गाळा सोडल्यावर दोन महिने ते घरीच होते. मार्च संपता संपता एका खाजगी शाळेच्या संचालकांनी त्यांना सहज विचारले की गणवेशाचे कापड कोठे चांगले मिळेल. मास्टरसाहेब माझ्याकडे कापड पाहायला आले आणि बोलता बोलता त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी चकित झालो. कोणत्या इयत्तेत कोणत्या मापाचे शर्ट किती लागतात, आई-वडील एक नंबर मोठा का घेतात, सलवार कोठे फाटते, खिसा कोठे उसवतो, कोणत्या आठवड्यात पालकांच्या हातात पैसा असतो, सगळे त्यांना तोंडपाठ. अडतीस वर्षे त्यांनी हेच पाहिले होते. आणि मी त्यांना ड्रेस मटेरियल विकायला बसवले होते!

त्यांनी मोहल्ल्यातले दोन टेलर बरोबर घेतले. शाळेकडून निम्मी रक्कम आगाऊ घेतली, माझ्याकडून ताके उचलले आणि घराच्या पुढच्या खोलीत कटिंगचे टेबल टाकले. १५ जूनच्या आत माल द्यायचा होता. एप्रिलमधल्या एका सकाळी मी आठ वाजता तेथून जात होतो, तर मास्टरसाहेब गळ्यात माप-पट्टी टाकून उभे. मी सलाम केला. म्हणाले, "बेटा, आता बोलायला वेळ नाही. अडीचशे मुले वाट पाहत आहेत."

माणूस तोच, वय एका वर्षाने वाढलेले. फरक एवढाच की आता त्यांची वाट पाहणारे कोणी होते. म्हणून निवृत्त बंधू-भगिनींना माझा सल्ला असा की गिऱ्हाईक येईल म्हणून बसून राहण्याच्या धंद्यापेक्षा ऑर्डरचा धंदा धरावा. निवृत्त शिक्षकाला शाळा, निवृत्त परिचारिकेला दवाखान्याच्या चादरी व गाऊन, एस. टी.च्या मेकॅनिकला रिक्षा-टेम्पोवाल्यांची दुरुस्ती, गिरणीतल्या जॉबरला यंत्रमागवाल्यांचे सुटे भाग व देखभाल. ज्या कामाची तारीख दुसऱ्याने ठरवलेली आहे ते काम आपल्याला सकाळी उठवते.

होशियारपूरचे लछमनदास मित्तल ह्यांचे नाव ह्या संदर्भात नेहमी घेतले जाते. आयुर्विमा महामंडळातून ते १९९० मध्ये निवृत्त झाले आणि १९९६ साली, वयाच्या पासष्टीच्या सुमारास, त्यांनी सोनालिका ट्रॅक्टरचा कारखाना काढला. ही गोष्ट बहुधा अर्धीच सांगतात. उरलेली अर्धी अशी की नोकरीत असतानाच त्यांनी मळणीयंत्रांचा उद्योग सुरू केला होता, त्यात एकदा ते पार बुडाले होते आणि पुन्हा उभे राहिले होते. म्हणजे शेतकरी काय मागतो हे त्यांना ट्रॅक्टरपूर्वी वीस-पंचवीस वर्षे ठाऊक होते. निवृत्तीनंतर नवे काम जरूर करावे, पण ज्ञान जुने असावे.

उधारीचे दुखणे

निवृत्त माणसाला सर्वांत जास्त काय खचवते? उधारी मागणे. ज्याला लोक सलाम करत आले त्याला दारोदार जाऊन आपलेच पैसे मागावे लागतात. लाज वाटते म्हणून तो मागत नाही, आणि मागत नाही म्हणून मनात कुढतो.

ह्यावर उपाय म्हणजे नियम आधीच लिहून लावणे. उधारीची एकूण मर्यादा ठरवावी, भांडवलाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. वही नीट ठेवावी आणि वायदा तारखेनिशी लिहावा. वसुलीचा एक वार ठरवावा आणि त्याच वारी जावे. रोज आठवण काढून जळू नये. शक्य असेल तर मागण्याचे काम मुलाकडे किंवा भागीदाराकडे द्यावे.

जे बंधू स्वतः माल बनवतात किंवा शिलाईसारखी सेवा देतात त्यांनी उद्यम नोंदणी करावी. ती सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावर होते आणि तिला फी नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ग्राहक पेढीने ठरलेल्या मुदतीत, आणि कसेही झाले तरी ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. २०२३-२४ ह्या वर्षापासून आयकरातही अशी तरतूद आली की पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत वजा करून मिळत नाही. ह्यामुळे मोठ्या गिऱ्हाइकापुढे कारागिराची बाजू थोडी मजबूत झाली आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच. ४५ दिवसांचा फायदा त्याला नाही.

जीएसटीची धास्तीही पुष्कळांना असते. महाराष्ट्रात फक्त मालाचा व्यापार करणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. शिलाई-दुरुस्तीसारख्या सेवेला ही मर्यादा २० लाखांची आहे. ज्या उलाढालीची आपण वर गोष्ट केली ती वर्षाला सहा ते बारा लाखांची. तेव्हा कागदांच्या भीतीने पाऊल मागे घेऊ नये. एकदा कर सल्लागाराला विचारून निश्चिंत व्हावे.

घरातील माणसे

मुले म्हणतात, "अब्बा, आता आराम करा. लोक आम्हाला काय म्हणतील?" त्यांचे म्हणणे प्रेमाचे असते, पण रोज ऐकले की मन कच्चे होते. मुलांना माझी विनंती आहे की अब्बांना आराम करा म्हणण्याऐवजी आज किती विक्री झाली ते विचारा. आणि वडीलधाऱ्यांना विनंती की मुलांकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. मोबाईलवर पैसे घेणे, व्हॉट्सॲपवर मालाचे फोटो टाकणे हे नातू दहा मिनिटांत शिकवतो. त्या दहा मिनिटांत नात्यालाही फायदा होतो.

शरीराचाही विचार हवा. साठीनंतर ताके उचलू नयेत, त्यासाठी माणूस ठेवावा. दुपारी दोन तास बंद ठेवावे. पण उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ ठरलेली असावी आणि ती पाटीवर लिहिलेली असावी. दिवसाला पाच तास असले तरी चालतील, मात्र रोज तेच पाच तास. हीच आपली घंटा. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला गल्ल्यातून आपला ठरलेला पगार काढून घरात द्यावा, कमी असला तरी.

शून्य विक्रीचे दिवस

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. गणवेशाची एकही ऑर्डर राहिली नाही. मास्टरसाहेबांचे वय तेव्हा सहासष्ट. मला वाटले आता ते काम सोडतील. टाळेबंदी थोडी सैल झाल्यावर मी भेटायला गेलो, तर ते पुढच्या खोलीत टेबलापाशी बसलेले. टेलरांकडून उरलेल्या कापडाचे मास्क आणि उशांचे अभ्रे शिवून घेत होते. समोर रोजमेळ उघडा होता. मागची पाने मी चाळली. पानामागून पान, रोजची तारीख आणि पुढे "विक्री ०". एकही दिवस सुटलेला नव्हता. मी विचारले, "मास्टरसाहेब, शून्य कशाला लिहायचे?" म्हणाले, "हजेरी तर लागली पाहिजे ना."

शाळा उघडल्या तेव्हा त्यांचे दोन्ही टेलर जागेवर होते, मापांची वही जागेवर होती. आसपासच्या ज्यांनी काम मोडून टाकले होते त्यांना पुन्हा जमवाजमव करण्यात तो हंगाम गेला. मास्टरसाहेबांनी त्याच हंगामात माल दिला. आज त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. कापायचे काम आता धाकटा टेलर करतो. मास्टरसाहेब सकाळी नऊला येऊन मापे तपासतात आणि दुपारी घरात जातात.

येत्या ३१ मे रोजी ज्यांची निवृत्ती आहे त्यांनी हे काम नोकरीत असतानाच सुरू करावे. आपल्याला कोणते काम इतरांपेक्षा जास्त कळते ते लिहून काढावे. पैशाचे तीन भाग करावेत. आकडा मांडून पाहावा आणि तो जमत नसेल तर गाळा घेऊ नये. पहिली ऑर्डर, मग ती पंचवीस कपड्यांची का असेना, सत्काराची शाल खांद्यावर पडण्याआधी हाती असावी. म्हणजे १ जूनच्या सकाळी कोणीतरी आपली वाट पाहत असेल.